कानापासून पानापर्यंत

नागपूरची कादंबरी लिहायची तर पहिला निर्णय 'राहिलो'चा घ्यावा लागतो. "मी जेवतो आहे" असं इथे घरात कुणी म्हणत नाही. "मी जेवून राहिलो" म्हणतात. भाजीवाला म्हणतो, वकील म्हणतो, प्राध्यापकही वर्गाबाहेर आले की म्हणतात. पात्राच्या तोंडून हे रूप काढून घेतलं, तर त्याचं घर धरमपेठेत दाखवूनही ते नागपूरचं वाटत नाही. ठेवलं, तर अक्षरजुळणी करणारा, मुद्रितशोधक आणि संपादक अशा तीन हातांतून जाताना ते कुठेतरी 'दुरुस्त' होतं. ऐकलेलं वाक्य छापील पानावर धडपणे पोहोचवणं हे माझ्या मते कादंबरीकाराचं अर्धं काम आहे. वही, प्रवास, घरातलं वाचन, प्रुफं या प्रत्येक टप्प्यावर त्यासाठी मी जे करते, ते इथे लिहिते.

वही साधी, दोनशे पानी, आडव्या रेघांची. उजव्या पानावर ऐकलेलं वाक्य. डाव्या पानावर पाच गोष्टी: तारीख, जागा, बोलणाऱ्याचं अंदाजे वय, मूळ गाव, आणि बोलणं कुणाशी चाललं होतं. नाव लिहीत नाही. पाचवी नोंद सगळ्यांत मोलाची असते. एकच बाई बँकेच्या खिडकीशी "माझं पासबुक भरून द्या" म्हणते आणि बाहेर येऊन बहिणीला फोनवर "मले अजून टाइम हाये, तू जेवून घेजो" म्हणते. दोन्ही वाक्यं तिचीच. कादंबरीत तिला फक्त दुसऱ्या वाक्यात कोंडलं की ती खोटी होते. बोली बोलणाऱ्या माणसाला प्रमाण मराठी येत नाही असं समजणं ही आपल्याकडच्या कादंबऱ्यांतली जुनी चूक आहे, आणि तिचा मला मनापासून राग आहे.

सुटा शब्द टिपून उपयोग नसतो. 'टोंगळा म्हणजे गुडघा' हे शब्दकोशातही सापडतं. "टोंगळे धरले वो, माळ्यावर नाही चढवत आता" एवढं टिपलं तर शब्दाबरोबर त्याचं क्रियापद येतं, समोर बाई आहे हे सांगणारा 'वो' येतो, 'आता' शेवटी जाऊन बसतो तो क्रम येतो. नोंद त्याच संध्याकाळच्या आत करायची. एक रात्र गेली की शाळेत घडलेली आपली स्मरणशक्ती 'मले'चं 'मला' करून टाकते, आणि तसं झाल्याचं आपल्याला कळतही नाही.

मोठ्या माणसांच्या आठवणी घ्यायच्या असतील तर फोनवर ध्वनिमुद्रण बरं. परवानगी आधी मागायची आणि ती ध्वनिमुद्रणातच नोंदवायची. फोन विमान मोडवर टाकून बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या दुपट्ट्यावर ठेवायचा. लाकडी टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज शब्दावर चढतो. नागपुरात खरी अडचण कूलरची. मार्च संपता संपता घरोघरी कूलर लागतात आणि त्या घरघरीत शब्दांचे शेवट बुडतात. बोलीचा सगळा फरक तर शेवटातच असतो: 'येजो', 'म्हन्ते', 'गेल्ता'. म्हणून ही कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकायची, किंवा उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास लागतात. एकदम चार तास ध्वनिमुद्रित करून आणलं की ते तसंच पडून राहतं. चाळीस मिनिटांवर थांबावं, ते उतरवावं, मग पुन्हा जावं. दुसऱ्या भेटीत माणूस जास्त मोकळा बोलतो, हा त्यातला दुहेरी फायदा.

घर ही पहिली शाळा. स्वयंपाकघरातच किती शब्द पडलेले असतात. पातेल्याला गंज, बटाट्याला आलू, कोथिंबिरीला सांबार. यातला सांबार पुण्या-मुंबईच्या वाचकाला हमखास फसवतो. "भाजीवर सांबार टाक" वाचलं की त्याच्या डोळ्यांसमोर इडलीबरोबरची वाटी येते. तळटीप देऊ नये. तळटीप आली की वाचक स्वयंपाकघरातून उठून वर्गात जाऊन बसतो. शब्द पहिल्यांदा येतो तिथे हातांना काम द्यावं. आजीने सांबाराची जुडी सोडली, पिवळी पानं वेगळी काढली, जाड काड्या ठेचायला बाजूला ठेवल्या. एवढं झालं की पुढे दोनशे पानं 'सांबार' निर्धास्त वापरता येतो. संत्र्याचंही तसंच. आमच्याकडे तो संत्रा, पश्चिमेकडे ते संत्रं. वाक्यातल्या विशेषणासकट लिंग सांभाळावं लागतं, नाहीतर 'गोड संत्रा' एका पानावर आणि 'सोललेलं संत्रं' दुसऱ्यावर असं होतं.

प्रवास कशासाठी करायचा, तर बोली कुठे बदलते ते नेमकं कळण्यासाठी. काटोल-नरखेडकडून अमरावतीच्या दिशेने जावं तसा वऱ्हाडीचा 'य' ठसठशीत होत जातो: डोळ्याचा डोया, जवळचं जवय. पूर्वेला भंडारा, पवनी, नागभीडच्या बाजूला झाडीबोली लागते आणि तोच डोळा 'डोरा' होतो. पुरुषाला हाक मारताना तिकडे 'गा' येतो, "काय गा, कवा आलास". नागपूर शहरात मित्रामित्रांत 'बे' येतो. एका पात्राच्या तोंडी 'डोया' आणि 'डोरा' दोन्ही आले तर विदर्भाबाहेर कुणाच्या लक्षात येणार नाही, पण विदर्भातला वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

हातातल्या कादंबरीतलं कुटुंब भिवापूरकडून नागपूरला गिरणीत आलेलं आहे. त्यामुळे इतवारी, उमरेड, भिवापूर, नागभीड हा नॅरोगेजचा मार्ग तिचा कणा आहे. ही लाइन १९०८ ला सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. दोन रुळांत ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट अंतर. हा आकडा प्रसंगावर थेट परिणाम करतो. एवढ्याशा गाडीच्या डब्यात समोरासमोर बसलेल्यांचे टोंगळे एकमेकांना लागतात, कुजबुज करता येत नाही, भांडण लपवता येत नाही. लिहिण्याआधी मोतीबागेच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जाऊन जुन्या इंजिनांपाशी उभं राहावं. आपल्या उंचीशी त्यांची तुलना झाली की वर्णनातली बरीच विशेषणं आपोआप गळतात.

त्याच रस्त्याने एसटीने जायचं तर आठवडी बाजाराचा दिवस धरावा आणि साधी गाडी घ्यावी. वाहकाच्या मागच्या दोन ओळींत बसलं की तिकिटाच्या निमित्ताने प्रत्येकाचं एक वाक्य कानावर पडतं: गावाचं नाव, सुट्या पैशांची घासाघीस, सामानाची चौकशी. वही तेव्हा बाहेर काढायची नाही. उतरल्यावर चहाच्या टपरीवर बसून लिहायचं. भिवापुरात मिरचीच्या हंगामात मिरची या विषयावर वाटेल तेवढा वेळ बोलता येतं. माणूस आपल्या कामाबद्दल बोलताना जी भाषा वापरतो ती सगळ्यांत खरी. झाडीबोली ऐकायला आणखी एक जागा म्हणजे झाडीपट्टीची नाटकं. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे त्या नाट्यमंडळींचं केंद्र. दिवाळीपासून हंगाम सुरू होतो आणि प्रयोग रात्रभर चालतात. मंचावरच्या संवादांपेक्षा मंडपातल्या प्रेक्षकांची आपसातली बोलणी अधिक कामाची असतात. पाठीमागच्या भागात, शेजारणी-शेजारणी बसतात तिथे जागा धरावी. सोबत शाल हवी, पहाटे चांगलीच थंडी वाजते.

लिहायला बसायचं ते दसऱ्यानंतर. पहाटे पाच ते साडेसात, आठवड्यातले पाच दिवस, दिवसाला पाचशे शब्द. मे अखेरपर्यंत साधारण एकशे सत्तर दिवस हाती लागतात, म्हणजे पंचाऐंशी हजार शब्दांचा पहिला खर्डा. रोज दोन हजार शब्दांचा संकल्प करणारे तिसऱ्या आठवड्यात थांबतात, कारण घरात आजारपण असतं, पाहुणे असतात, लग्नसराई असते. पाचशे शब्द मात्र डबे भरण्याआधीही होतात. नवतपा लागला, म्हणजे २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत आला, की नागपुरात लेखन बंद ठेवलेलं बरं. पारा पंचेचाळीसच्या वर असतो, कूलरच्या दमट हवेत कागद मऊ पडतो, शाई फुटते. आणि कूलर चालू असताना स्वतःचं वाक्य स्वतःला मोठ्याने ऐकू येत नाही. माझं फेरलेखन पूर्ण कानावर चालतं, त्यामुळे ते पहिल्या पावसानंतर.

खर्ड्यात मी प्रसंगाचे संवाद आधी लिहिते. नुसती वाक्यं, एकाखाली एक. 'ती म्हणाली', 'तो उठला' असं काहीही नाही. मग कागद दोन दिवस बाजूला. पुन्हा वाचताना प्रत्येक वाक्यासमोर बोलणाऱ्याचं पहिलं अक्षर लिहून बघायचं. ओळखता आलं नाही, किंवा दोन वाक्यांची अदलाबदल करूनही काही बिघडलं नाही, तर ती दोन्ही वाक्यं बाद. आजी, मुलगा, नात अशा तीन पिढ्या एका खोलीत बोलत असतील तर ही कसोटी फार लवकर दोष दाखवते. आजी झाडीच्या बाजूची: 'डोरा', 'गा', 'पानी'. मुलगा गिरणीत, परप्रांतातल्या कामगारांबरोबर खपलेला: त्याच्या मराठीत 'फिर', 'चूप', 'बराबर' येतं, आणि रागात तो पूर्ण हिंदीत जातो. नात कॉलेजात शिकलेली, प्रमाण मराठी लिहिणारी. तिच्याकडे एकच खूण उरते, ती म्हणजे 'करून राहिली'. ही एक खूण शेवटपर्यंत टिकवायची. ती नोकरीसाठी पुण्याला जाऊन दोन वर्षांनी "मी करतेय" म्हणू लागली, तर वाचकाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

लिहिताना शेजारी एक काळपत्रक असतं. कादंबरीतलं प्रत्येक वर्ष एका ओळीत: कुणाचं वय किती, तेव्हा शहरात काय होतं, काय नव्हतं. नागपूरच्या बाबतीत इथे भल्याभल्यांची गफलत होते, कारण हे शहर राज्यं बदलत गेलं. १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी, मग जुन्या मध्य प्रदेशची राजधानी, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं. राज्य त्यानंतर अठरा दिवसांनी बदललं. त्या दिवशी नागपुरातून गावी पत्र टाकणाऱ्या पात्राने पत्त्यात काय लिहिलं असेल, हे त्यावरून ठरतं. रस्त्यावर फुटाणे घेताना तो पैसे आण्यांत देईल, कारण नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून, तेव्हा १९६५ च्या पाकिटावर '४४०' ने सुरू होणारा आकडा दिसता कामा नये. गिरणीतल्या चार पिढ्या दाखवायच्या तर मोजणी १ जानेवारी १८७७ पासून करावी, त्या दिवशी एम्प्रेस मिल सुरू झाली. सीताबर्डीहून खापरीला मेट्रोने जायचं असेल तर २०१९ च्या आधी नाही.

काळपत्रकातून कधीकधी पूर्ण प्रसंग निघतो. १९४९ मध्ये रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं रात्री नागपूरला उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि ती परत जात. त्या काळात सोनेगावच्या, म्हणजे विमानतळाच्या, बाजूला राहणाऱ्या घरात मध्यरात्री विमानाचा आवाज हा घड्याळासारखा असणार. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या बाईला वेळ कळायला तेवढा आवाज पुरतो. भिंतीवरचं घड्याळ दाखवण्याची गरज उरत नाही.

सण लिहिताना पंचांग उघडून बसावं. पोळा श्रावण अमावस्येला येतो. २०२२ मध्ये तो २६ ऑगस्टला होता, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १४ सप्टेंबरला गेला. या तीन आठवड्यांच्या फरकाने वावरातलं पीक बदलतं, पाऊस बदलतो, रस्त्यावरचा चिखल बदलतो. 'पोळा आला' असं लिहून त्याच पानावर कपाशीची उंची चुकवली, तर गावाकडचा वाचक लगेच पकडतो. कागदपत्रांत शके असेल तर ७८ मिळवायचे, जानेवारी ते चैत्र प्रतिपदा या काळासाठी ७९. जुने संदर्भ बघायला १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर अजूनही कामाचं आहे, पण त्यातली गावांची नावं इंग्रजी कानाने ऐकलेली आहेत. गावात जाऊन उच्चार तपासल्याशिवाय ती घेऊ नयेत. जुनी वर्तमानपत्रं ग्रंथालयात बघताना बातम्यांपेक्षा जाहिराती उतरवाव्यात. कापडाचा भाव, खोलीचं भाडं, औषधाच्या बाटलीची किंमत तिथे मिळते. पानाची घडी उलगडताना कागद कोपऱ्यांवर तुटतो, म्हणून दोन्ही तळहात खाली घालून उलटायचं.

आता लेखनाचा, म्हणजे अक्षरं कशी लिहायची याचा प्रश्न. याचा निर्णय दुसऱ्या खर्ड्याच्या आधी झाला पाहिजे, नंतर तो निस्तरता येत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ चे. पात्राच्या तोंडच्या मजकुरात उच्चारानुसारी रूपं वापरायला त्या नियमांचीही हरकत नाही. पण कुठली रूपं, हे लेखकाला ठरवावं लागतं. बोलीत जे जे ऐकू येतं ते सगळं अक्षरांत आणलं तर वाचक प्रत्येक ओळीत अडखळतो. एका पात्राला तीन किंवा चार खुणा पुरतात.

'ळ'चा 'य' लिहिताना सगळ्यांत जास्त जपावं लागतं. 'काळा'चं 'काया' केलं की कागदावर ते शरीर होतं. 'माळा'चं 'माया' केलं की प्रेम. 'बाळ'चं 'बाय' केलं की बाई. बोलताना संदर्भाने कळतं, छापील ओळीत डोळा फसतो. म्हणून मी यादी करते: हे पाच-सात शब्द बोलीच्या रूपात, बाकीच्यांत 'ळ' तसाच. 'ण'चा 'न' मात्र सरसकट चालतो, तो वाचायला त्रास देत नाही. शेवटचा इकार-उकार प्रमाण नियमाप्रमाणे दीर्घ ठेवते: 'पानी'. 'मानूस'मधला 'नू' मूळ शब्दाप्रमाणे. गळलेल्या अक्षराच्या जागी स्वल्पविरामासारखी चिन्हं टाकत नाही आणि बोलीतला शब्द अवतरणात घालत नाही. अवतरण घातलं की लेखक त्या शब्दापासून हात झटकतोय असं दिसतं. निवेदन प्रमाण मराठीत, पण त्यातली नामं इथली: वावर, गंज, बंडी (म्हणजे बैलगाडी).

लांबवलेल्या स्वराचा एक प्रसंग बघा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबती, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. गर्दीतून आरोळी उठते, "घेऊन जाऽऽ गे मारबत". हा 'जा' दोन अवग्रहांशिवाय, म्हणजे 'ऽ' या चिन्हांशिवाय, कागदावर मरतो, आणि तीन दिले तर ओळीत खड्डा पडल्यासारखं दिसतं. दोनच. हे दोन अवग्रह अक्षरजुळणीत टिकतील की नाही, ते आधी एक पान छापून बघायचं. काही जुन्या फॉन्टमध्ये अवग्रहाच्या जागी इंग्रजी एस बसलेला सापडतो.

हे सगळे निर्णय दोन पानांच्या शब्दपत्रकात लिहून हस्तलिखिताला जोडायचे. तीन रकाने: शब्द जसा छापायचा तसा, कुठल्या पात्राच्या तोंडी, आणि तो काय समजून बदलला जाण्याची भीती आहे. उदाहरणार्थ: 'ऱ्हायला', आजी, 'राहिला' करू नये. 'जेवून राहिलो', सर्व पात्रं, 'जेवत आहे' करू नये. 'संत्रा' पुल्लिंगी, सर्वत्र.

घरातलं वाचन दुसऱ्या खर्ड्यानंतर. वाचायचं दुसऱ्या कुणीतरी, लेखकाने फक्त ऐकायचं. आपण वाचलं की कच्ची वाक्यंसुद्धा सूर लावून तारून नेतो. एका बैठकीला वीस पानं, पाऊण तास. तीनशे पानांना पंधरा बैठकी लागतात. समोर स्वतःची प्रत घ्यायची आणि वाचणारा जिथे अडखळेल, मागे जाऊन पुन्हा वाचेल, तिथे समासात फक्त एक टिंब द्यायचं. थांबवायचं नाही, समजावून सांगायचं नाही. एका पानावर तीन टिंबं आली तर ते पान पुन्हा लिहायचं. ऐकणाऱ्यांत निदान एक साठीच्या पुढचं आणि एक विदर्भाबाहेर वाढलेलं असावं, सून असो की जावई. पहिल्याला खोटं कळतं, दुसऱ्याला दुर्बोध कळतं.

घरच्यांच्या आठवणी कादंबरीत आल्या असतील तर ती पानं त्यांना आधी दाखवायची, छापून आल्यावर नाही. नाव बदलणं पुरत नाही. नातं, गाव, धंदा या तीनपैकी दोन गोष्टी बदलल्या की माणूस झाकला जातो आणि प्रसंग टिकतो. एखादीने "हे नको" म्हटलं तर काढायचं. तिथे कलेच्या स्वातंत्र्याचा वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. तिने तो प्रसंग आपल्याला सांगितला तेव्हा ती कादंबरीकाराशी बोलत नव्हती, घरच्या माणसाशी बोलत होती.

टंकलेखन युनिकोडमध्येच करावं आणि इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकून घ्यावा, पंधरा दिवसांत हात बसतो. 'ऱ्हायला'साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. यातला शिफ्ट सुटला की 'र्हायला' होतं, म्हणजे रफार 'ह'च्या डोक्यावर चढतो. छपाईसाठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलला जातो तेव्हा नेमकी हीच अक्षरं मोडतात: ऱ्ह, ऱ्य, पहिली वेलांटी लागलेली जोडाक्षरं, अवग्रह. म्हणून आधी एक चाचणी परिच्छेद पाठवायचा, ज्यात 'ऱ्हायला', 'दुसऱ्या', 'स्थिती', 'जाऽऽ' हे सगळं आलेलं असेल. तो नीट उतरला तरच पूर्ण फाइल.

करारनाम्याचं थोडक्यात. मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते आणि क्षेत्र लिहिलेलं नसेल तर भारत. दोन्ही लिहून घ्यावं. त्याखाली आणखी एक ओळ: संवादांतल्या शब्दरूपांत लेखकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करू नये. डेमी आकारात पानाला तीनशेच्या आसपास शब्द बसतात, फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा, त्यामुळे पंच्याऐंशी हजार शब्दांचे अठरा फॉर्म होतात. पानं दोनशे अठ्ठ्याऐंशीच्या वर दोन-तीनच जात असतील तर मजकूर कापायचा, कारण त्यासाठी पूर्ण फॉर्म वाढतो. कापताना आधी निवेदनाला हात लावायचा, संवादाला शेवटी.

प्रुफं तीन वेळा. पहिलं मूळ प्रतीशी ताडून, दोघांनी: एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, दुसऱ्याने प्रूफ बघायचं. दुसरं फक्त संवादांसाठी. निवेदनावर पट्टी ठेवून पानापानावरच्या अवतरणचिन्हांमधला मजकूर तेवढा शब्दपत्रकाशी पडताळायचा. 'मले'च्या जागी 'मला' इथेच सापडतं, कारण सलग वाचताना दोन्ही बरोबर वाटतात. तिसरं प्रूफ उलट्या क्रमाने, शेवटच्या पानापासून पहिल्याकडे, म्हणजे गोष्ट डोळ्यांना ओढून नेत नाही. संगणकावरचं 'शोधा आणि बदला' सरसकट वापरायला कुणालाही परवानगी द्यायची नाही. एका आज्ञेत 'पानी'चं 'पाणी' झालं की आजी-नातवंडं एका आवाजात बोलू लागतात.

पुस्तक हातात आल्यावर पहिली प्रत शुद्धिप्रत म्हणून बाजूला काढते. जाड पुठ्ठ्याच्या आत तारीख, आणि जो जो दोष सापडेल त्याखाली लाल रेघ, मागच्या कोऱ्या पानावर पान आणि ओळीचा क्रमांक. वाचक कळवतात तेही तिथेच. दुसरी प्रत भिवापूरच्या रस्त्यावरच्या त्या घरांसाठी, जिथे ध्वनिमुद्रण केलं होतं. टपालाने न पाठवता घेऊन जायची, आणि जिच्याकडून वाक्यं मिळाली तिला तिच्या वाक्यांचं पान वाचून दाखवायचं. "असं नाही म्हनत आमी" असं ती एखाद्या शब्दाला म्हणाली, की तोही शुद्धिप्रतीत, लाल रेघेखाली.